उजवं पान, सातवी ओळ

चौक गावात जुन्या हायवेवर, टायरवाल्याच्या पुढं आणि माझ्या शिलाईच्या दुकानाला लागून हलिमाभाभीचं रद्दीचं दुकान आहे. दुकान म्हणजे तिच्याच घराची पुढची खोली. रद्दी आत, तराजू बाहेर आणि मधोमध उंबऱ्यावर हलिमाभाभी. पावसाची झड आली की तिचं अर्धं अंग भिजतं, पण ती आत सरकत नाही. नवीन गिऱ्हाईक म्हणतं, "आत बसा की." जुनं गिऱ्हाईक म्हणत नाही, कारण ती उंबऱ्यावर का बसते ते त्याला ठाऊक असतं. ते मी सांगणारच आहे. पण आधी तिच्या पान काढण्याचं सांगते, कारण निम्मे लोक तिच्याकडे त्याच्यासाठीच येतात.

रीत साधी आहे. मनात एक प्रश्न धरायचा, रद्दीतलं हाताला लागेल ते पुस्तक उचलायचं, डोळे मिटून उघडायचं. उजवं पान, वरून सातवी ओळ. ती ओळ भाभी मोठ्यानं वाचते आणि मग तिचा अर्थ सांगते. पुस्तक कुठलंही चालतं. एका टेंपोवाल्यानं विचारलं, आज घाट चढू का उद्या. हाती आलं आठवीचं विज्ञान. उष्णता दिली असता धातू प्रसरण पावतात. भाभी म्हणाली, "गाडी तापलीय तुझी. चा पी, जेव, मग जा." तो जेवून गेला आणि परतीच्या वाटेवर तिला डझनभर केळी देऊन गेला. दुसरी एक बाई मुलाचं लग्न कधी जमेल म्हणून आली होती. तिच्या हाताला पाककृतींचं पुस्तक लागलं. मंद आचेवर ठेवावे व मधूनमधून झाकण काढू नये. "ऐकलंस? पोराच्या मागं लागू नको," भाभी म्हणाली.

माझा यावर विश्वास आहे का? काडीचा नाही. आमच्याकडेही श्रावणात पोथीचं पान काढतात आणि निघेल त्यावर वर्षभर तोंड पाडून बसतात, ते मला लहानपणापासून पटलेलं नाही. तरी मी भाभीकडून एकदा पान काढून घेतलंय. काय निघालं ते विचारू नका. मशिदीतल्या मौलानांनीही तिला समजावून सांगितलं होतं, की पुढचं काय ते एका अल्लाहला ठाऊक, असले उद्योग बरे नव्हेत. भाभीनं मान खाली घालून ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मी पुढचं सांगतच नाय मौलाना. मी रद्दी वाचून दाखवते."

एक गोष्ट मात्र माझ्या फार उशिरा ध्यानात आली. घराबाहेर पडू का, असं विचारणाऱ्या कुठल्याही बाईला हलिमाभाभीच्या तोंडून आजवर नकार गेलेला नाही. कोंडाणे गावची एक बाई आली होती. कर्जतच्या एका रिसॉर्टात स्वयंपाकाचं काम मिळत होतं आणि नवरा नको म्हणत होता. तिच्या हाताला विम्याचं माहितीपत्रक आलं. वरील अटींची पूर्तता न झाल्यास दावा फेटाळला जाईल. मी मशीनवरून ऐकत होते. मला वाटलं, आता हिचा काय अर्थ लावणार. भाभी म्हणाली, "अटी कोन घालतंय? नवरा ना? मग त्याचा दावा फेटाळला. तू जा कामाला." ती बाई पदर खोचून हसत गेली.

आता उंबऱ्याचं.

भाभी लग्न होऊन खालापूरच्या घरी आली तेव्हा वीस-बावीसची होती. नवरा अली जहाजावर स्वयंपाकी, वर्षातले महिने महिने दर्यावर. भाभी शिकलेली होती, उर्दूही आणि मराठीही. लहान मुलांना शिकवायची तिला हौस. अलिबागला शिक्षिकेच्या अभ्यासक्रमाला तिचा नंबर लागला होता. घरात सासू होत्या, त्यांना सगळे अम्मा म्हणायचे. अम्मांकडे एक जुनी उर्दू किताब होती, आजेसासऱ्यांनी कधी काळी मुंबईहून आणलेली. धर्माची किताब नव्हे, जुन्या गोष्टी आणि नसीहतींची. पहिली पानं फाटलेली, त्यामुळे तिचं नाव कुणालाच माहीत नव्हतं. घरची सून किंवा लेक कुठं निघाली की त्या किताबीत फाल, म्हणजे शकुन, बघायची. उघडायची पद्धतही ठरलेली. किताब पाठीवर, शिलाईची कड खाली ठेवून, उभी करायची आणि दोन्ही हात सोडायचे. ती आपण होऊन जिथं उघडेल ते पान. नशिबात माणसाचं बोट नको म्हणून.

मुलगे निघाले की किताब कपाटातच राहायची. ते बॅग भरायचे आणि जायचे.

भाभीनं हात सोडले, किताब उघडली, अम्मांनी सातवी ओळ वाचली. जो उंबरा सोडील त्याला किनारा मिळणार नाही. झालं. अलिबाग राहिलं. पुढं अली दर्यावरच्या नोकरीला कंटाळून परत आला, चौकला घर घेतलं, आणि ज्यानं सगळा जन्म उंबऱ्याबाहेर काढला तो माणूस स्वतःच्या गादीवर, दुपारच्या झोपेत गेला. पदरात एक मुलगी, झिनत. थोरले दीर शोएबभाई म्हणाले, खालापूरला चल, आमच्यात राहा. भाभी गेली नाही. तिनं रस्त्याकडची भिंत फोडून दार केलं, रद्दीचा तराजू आणला आणि उंबऱ्यावर बसली. शोएबभाई बघायला आले तेव्हा म्हणाली, "किताबीनं सांगितलंय उंबरा सोडू नको. सोडलाय का मी? त्याच्यावरच बसलेय." मेलेलं कोंबडं आगीला भीत नाही म्हणतात, तशातली ती गत.

झिनत त्या उंबऱ्याशी खेळत मोठी झाली. रद्दीतली पुस्तकं वाचायची. कर्जतला कॉलेजात गेली. आणि बारावी झाल्यावर एके दिवशी म्हणाली, "अम्मी, मला जहाजावर जायचंय. अब्बांसारखं स्वयंपाकघरात नाय. जहाज चालवायला." मला आधी गंमत वाटली. पण पोरगी गमतीनं बोलत नव्हती. प्रवेश परीक्षा दिली, पास झाली. डॉक्टरी तपासणीत डोळ्यांकडे फार बारकाईनं बघतात म्हणे, जरा नंबर असला तरी बाद करतात. हिचे डोळे घारीसारखे. नवी मुंबईत वर्षभराचं शिक्षण, तिथंच राहायचं आणि मग जहाज. पत्र आलं त्या दिवशी भाभीनं दुकानांच्या अख्ख्या लाइनीत फालुदा वाटला.

दुसऱ्या दिवशी शोएबभाईंचा फोन आला. रविवारी खालापूरला या, पोरीची फाल बघू.

भाभी माझ्या दुकानात येऊन स्टुलावर बसली. म्हणाली, "रूपाली, तू चल बरोबर."

"मी कशाला तुमच्या घरच्यात?"

"घरच्यांसमोर मी एकदा गप बसलेय. तू असलीस तर लाज वाटेल मला गप बसायची."

मग मी गेले.

शोएबभाई वाईट माणूस नाही, हे मला आधी सांगितलं पाहिजे. अली गेल्यावर दर ईदला झिनतला कपडे त्यांनीच केले. पोरीवर त्यांचा जीव आहे आणि समुद्राची त्यांना खरी भीती आहे. पण भीती वाटते असं सरळ म्हणायला त्यांची जीभ रेटत नाही. म्हणून किताब. अम्मा गेल्यापासून ती त्यांच्याच कपाटात होती. त्यांनी ती कपाटातून काढली, वरचं कापड सोडलं, सतरंजीवर ठेवली. झिनतनं हात धुतले, किताब पाठीवर उभी केली, डोळे मिटले आणि हात सोडले. किताब दोन्हीकडे पसरली. शोएबभाईंनी चष्मा चढवला आणि बोटानं ओळी मोजायला लागले.

"जो उंबरा सोडील..." त्यांनी वाचलं.

"त्याला किनारा मिळनार नाय," भाभी म्हणाली.

ती किताबीपासून लांब, भिंतीला टेकून बसली होती. शोएबभाईंनी दचकून वर पाहिलं. "तुला कसं ठाऊक?"

"मला पाठ हाय ती ओळ, भाईजान. माझीच हाय ती."

झिनतचा चेहरा पांढराफटक पडला होता. शोएबभाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि फार मायेनं म्हणाले, "पोरी, मी नाय म्हनत नाय. किताब नाय म्हनते."

हे मला कधी सहन होत नाही. माणसाला स्वतःला नाही म्हणायचं असतं तेव्हा तो देवाच्या, पोथीच्या, शेजाऱ्यांच्या नाहीतर पावसापाण्याच्या मागं जाऊन उभा राहतो. माझ्या तोंडावर आलं होतं, पण मी परकी. मी भाभीकडे पाहिलं.

"झिनत जानार," भाभी म्हणाली.

"हलिमा, किताब काय सांगते ते ऐकलंस ना?"

"ऐकलं. आमी बहिऱ्या नाय. किताबीला सांगायचं व्हतं ते तिनं सांगितलं. झिनत जानार."

"किनारा मिळनार नाय म्हनते ती."

"नाय मिळाला तर नाय मिळाला." भाभी उठून उभी राहिली. "मला इतकी वर्सं किनाऱ्यावर बसवलीत तुमी. मला काय मिळालं तितं? रद्दी. दर्या म्हंजे बुडनं, असं तुमाला वाटतं. मी कोरड्यात बुडाले, भाईजान. माझ्याकडं बघून सांगा मला, नाय बुडाले?"

शोएबभाईंना बघता आलं नाही. तेवढ्यात दारातून आवाज आला. "माजं पन हेच पान निघालं व्हतं."

शोएबभाईंची सून अनम चहाचा ट्रे घेऊन उभी होती. मुलगा आदिल कतारला नोकरीला, आणि लग्नाला तीन वर्षं झाली तरी अनम खालापुरात सासऱ्यांचा स्वयंपाक करत होती. तिला नवऱ्याकडं जायचं होतं, फाल नको म्हणाली म्हणून राहिली होती. हे आम्हाला त्या दिवशी कळलं. भाभीलाही तेव्हाच कळलं. एकाच घरात दोन सुनांना एकाच ओळीनं बसवलं होतं आणि दोघींनी ते एकमेकींना कधी सांगितलं नव्हतं. घरोघरी मातीच्या चुली.

"अनम, तू आत जा," शोएबभाई म्हणाले.

अनम गेली नाही. तिनं ट्रे खाली ठेवला आणि तिथंच बसली.

भाभी पुढं झाली. तिनं किताब मिटली, पाठीवर उभी केली, हात सोडले. तेच पान. पुन्हा मिटली, पुन्हा सोडली. तेच पान. शोएबभाईंचा आवाज चढला. "बघ. बघ, हलिमा. दर टायमाला तेच. आता तरी मान." आणि खोटं का बोलू, माझ्याही अंगावर काटा आला. विश्वास नसलेल्या माणसालाच असल्या वेळी जास्त भीती वाटते.

पण भाभी रद्दीवाली. पुस्तकं हातातून जाऊन जाऊन तिचे हात पुस्तकांचे झालेत. तिनं किताब उजेडात धरली आणि दोन पानांच्या मधल्या घडीत बोट फिरवलं. तिथं कागद खोल दबलेला होता. एक आडवा खड्डा आणि त्याच्या टोकाला हिरवट डाग. तिनं तो डाग नखानं खरवडून पाहिला. मग माझ्या देखत तिचा चेहरा बदलत गेला, आधी कोरा, मग लाल.

"भाईजान, तुमचा चष्मा द्या जरा."

शोएबभाईंनी न कळून काढून दिला. भाभीनं त्याच्या काड्या मिटल्या आणि चष्मा त्या खड्ड्यात ठेवला. नीट बसला. बिजागरीच्या जागी बिजागरी, हिरव्या डागावर.

"अम्मांच्या पितळी चष्म्याला डबी कुटं व्हती?" भाभी म्हणाली. "आठवा. रोज दुपारी वाचता वाचता झोप लागली की चष्मा किताबीत. कायम. इतकी वर्सं चष्मा ठिवून ठिवून तिची पाठ इतंच मोडलीय. दुसरीकडं उघडायचीच नाय ती. कुनी पन हात सोडा."

"काय करतीयस, मला काय दिसत नाय," शोएबभाई म्हणाले. त्यांचा चष्मा अजून किताबीत होता.

आधी अनम हसली. तोंडावर ओढणी धरून, मग ओढणीशिवाय. मग मी हसले. शोएबभाईंनी चाचपडत चष्मा उचलला, डोळ्यांवर चढवला, पान पाहिलं, बराच वेळ पाहिलं. तो खड्डा त्यांच्या आईच्या चष्म्याचा होता. त्यांना तो हिरवट डाग आमच्यापेक्षा जास्त ओळखता आला असणार. माझं हसू तिथंच थांबलं.

झिनत म्हणाली, "बडे अब्बा, मग मी जाऊ?"

"इचारू नको," भाभी तिच्यावर कडाडली. पोरीवर ती कधी ओरडत नाही. "चष्मा सापडला म्हनून जात नायस तू. चष्मा नसता, खुद्द नशिबानं ती ओळ काढली असती, तरी तू जानार व्हतीस. मी आधीच सांगितलंय. नंतर चष्मा सापडलाय. ध्यानात ठिव."

शोएबभाईंनी किताब कापडात बांधली आणि कपाटात ठेवली. चहा तसाच थंड झाला.

परत येताना टमटममध्ये भाभी माझ्या शेजारी बसली होती. घरात तिचा आवाज कसा खणखणीत होता. गाडी हायवेला लागली आणि ती रडायला लागली. साधं रडणं नव्हतं, रागाचं होतं. मांडीवर मूठ आपटत म्हणत होती, "चष्म्यानं गं रूपाली. एका चष्म्यानं. अम्मांच्या मनात पाप असतं तर मी भांडले तरी असते. त्या नुसत्या झोपायच्या." समोर बसलेली झिनत आईचा गुडघा घट्ट धरून होती.

झिनत गेली. शोएबभाई निरोपाला आले नाहीत. त्यानंतर कितीतरी महिने ते चौकावरून गेले तरी गाडी थांबवत नव्हते. नातेवाइकांत बोलणं झालं. बापाविना वाढलेली पोर दर्यावर पाठवली, किताबीची बेअदबी केली, उद्या काही झालं तर हलिमाच जबाबदार. भाभीच्या कानावर सगळं यायचं. "हाय ना मी जबाबदार," ती म्हणायची. "मग दुसरं कोन असनार?" झिनतचा फोन वेळेवर आला नाही की ती तोललेलाच गठ्ठा पुन्हा पुन्हा तोलायची, तेही मी पाहिलंय. धीट माणसाला भीती नसते असं ज्यांना वाटतं त्यांनी तिला त्या दिवसांत बघायला हवं होतं.

चष्म्याची गोष्ट पसरलीच. मीच पसरवली, लपवायचं काय त्यात. मग गिऱ्हाइकं विचारायला लागली, की भाभी, ती किताब तशी, तर तुमचं पान तरी खरं का? मला वाटलं आता हिचा हा धंदा बसला. भाभी म्हणाली, "माझं पान कवा खरं व्हतं रं? तुमीच खरं करत व्हतात." काही माणसं तुटली. उरलेल्यांसाठी तिनं एक नियम वाढवला. आधी काय करणार ते तिच्या तोंडावर सांगायचं, मगच पुस्तक उघडायचं. सांगितलं नाही तर पान नाही. तुम्हाला सांगते, निम्म्या लोकांना पुस्तकाची गरजच उरत नाही. सांगतात आणि जातात.

अनमनं कुणालाही न विचारता पासपोर्ट काढला. ती आता आदिलकडं असते. शोएबभाई स्वतःचा चहा स्वतः करतात, आणि चांगला करतात असं ऐकते.

झिनतचं शिक्षण संपून तिला जहाज मिळालं. परवा दुपारी मी ब्लाउजची बाही लावत होते आणि भाभी उंबऱ्यावर वर्तमानपत्रांचे गठ्ठे बांधत होती, तेव्हा तिचा फोन वाजला. जहाजावर हल्ली नेट असतं. स्पीकरवर झिनतचा आवाज, मागं वाऱ्याचा घोंगावता आवाज.

"अम्मी, किताब खरं बोलली व्हती गं."

भाभीच्या हातातली सुतळी गळून पडली. "काय झालं? झिनत, काय झालं तुला?"

"काय नाय झालं. डेकवर उभी हाय. चारी बाजूला पानी. सकाळपास्नं बघतेय, किनारा कुटंच नाय." पोरगी खदखदून हसत होती.

भाभीला कळायला जरा वेळ लागला. मग ती उठली. फोन कानाला लावून उंबरा ओलांडून थेट रस्त्याच्या कडेला गेली, ट्रकांच्या धुरळ्यात उभी राहिली. डोळे पुसत होती, पण आवाज तिचा नेहमीचाच होता, रद्दीचा भाव सांगावा तसा.

"मग बघ डोळं भरून," ती म्हणाली. "किनारा काय गं, तो इतं पडलाच हाय."